पावसात गाडी का बंद पडते : एका कारणाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, गॅरेज काढलं की काय?" गॅरेज काढलेलं नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञानच शिकवलं. पण 'कारण' म्हणजे काय, हे वर्गात समजावताना मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उदाहरण तुळजापूरच्या घाटात मिळालं. ते सांगतो, आणि त्याच्यामागचा शंभरएक वर्षांचा इतिहासही सांगतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जून महिना, पहिला पाऊस. सोलापूरहून परत येत होतो. सेकंडहँड पेट्रोल गाडी होती. घाट चढताना ती आधी अडखळली, मग धक्के देत बंद पडली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पेटत नाही. त्याच पावसात माझ्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारून निघून गेली, मागोमाग एक डिझेल जीपही गेली. शेवटी तुळजापुरातून एका मिस्त्रींना आणलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "सर, सारखी चावी मारू नका. डेल्को भिजलाय." झाकण काढून कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसलं, प्लगच्या वायरी पुसल्या. गाडी चालू!

मी म्हटलं, "म्हणजे पावसानं बंद पडली." ते म्हणाले, "पावसानं कशी? ती दुसरी गेली की मघाशी. तुमच्या वायरींना भेगा पडल्यात, अन् त्यात धूळ बसलीय."

आता हा 'डेल्को' शब्द पाहा. मिस्त्रींच्या तोंडी तो अगदी आपल्या गावचा वाटतो. खरं तर ते एका अमेरिकन कंपनीचं नाव. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी 1909 साली ओहायो राज्यातल्या डेटन गावी 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. तिच्या आद्याक्षरांचा झाला डेल्को. केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइल वापरून ठिणगी पाडण्याची पद्धत मोटारीत रुजवली. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल मारायचा त्रास संपू लागला.

या पद्धतीत कॉइल बॅटरीचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपला डेल्को, तो करंट पाळीपाळीनं एकेका प्लगला वाटून देतो. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. एवढ्या दाबाची वीज सोपी वाट शोधत असते. कोरडी धूळ तिला वाट देत नाही, ओली धूळ देते. झाकणावर किंवा वायरीच्या भेगेत ओलसर धुळीचा थर असला की करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी वाटेतच इंजिनच्या लोखंडात उतरतो. ठिणगी नाही, तर इंजिन नाही. आपल्या जिल्ह्यात आठ महिने धूळ आणि मग एकदम पाऊस. गाडी पहिल्याच सरीला का रुसायची, ते यातून कळतं. डिझेलला ठिणगीच लागत नाही, ते नुसत्या दाबाच्या उष्णतेनं पेटतं. म्हणून ती जीप निघून गेली.

मिस्त्रींनी जे केलं त्याला न्यायशास्त्रात नाव आहे, बरं का. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' सतराव्या शतकातला. त्या परंपरेत 'उपाधी' शिकवताना ओल्या सरपणाचं उदाहरण देतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. सरपण ओलं असेल तरच धूर होतो. ही जी मधली अट, ती उपाधी. पाऊस आणि बंद गाडी यांच्यामध्ये भेगाळलेली वायर ही तशीच अट. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या ग्रंथात सांगितलेली भेदाची पद्धतही हीच : दोन गाड्या, एकच पाऊस, मग फरक कुठे आहे तो शोधा.

आता इतिहास पुढे सरकतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या फियाट काय किंवा हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर काय, त्या काळच्या पेट्रोल गाड्यांची ठिणगीची रचना केटरिंग यांच्याच वळणाची होती. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या अंगात एक सवय मुरली : पावसात गाडी थांबली की पुसा, वाळवा आणि पुन्हा चावी मारा. त्या काळी ती सवय बरोबर होती.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले. कार्ब्युरेटर गेला, इंधन इंजेक्शननं येऊ लागलं, हळूहळू डेल्कोही गेला आणि प्लगजवळच कॉइल बसली. नुसत्या दमटपणानं गाडी थांबणं कमी झालं. कुठे सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरतं, कुठे टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाणी जातं, तशा तक्रारी आजही होतात. पण आजची गाडी पावसात थांबते तेव्हा सगळ्यात मोठा धोका वेगळाच असतो. पाणी साचलेल्या किंवा वाहत्या रस्त्यात गाडी घातली की इंजिन हवेच्या वाटेनं पाणी ओढून घेतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जागीच अडकतं. डिझेलमध्ये दाब जास्त आणि सिलिंडरमधली मोकळी जागा कमी, म्हणून तिथे थोडं पाणीही पुरतं. त्या दिवशी ऐटीत गेलेल्या जीपचा भरवसा इथे चालत नाही!

म्हणजे पाहा, लक्षण तेच आहे : पाऊस आला, गाडी थांबली. कारण मात्र बदललंय. आणि आपली सवय जुन्याच कारणाला धरून बसलीय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा चावी मारणं, म्हणजे वाचलं असेल ते इंजिनही मोडणं.

इंजिनचं एक वेळ सोडा. 2020 च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यानं अतिवृष्टी पाहिली. 2025 च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पूर पाहिला. कोरड्या भागातली माणसं आपण, वाहत्या पाण्याचा अंदाज आपल्याला कमी. फरशी पुलावरून पाणी चाललेलं असताना "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय" म्हणून गाडी घालतो. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. तिथे मधोमध इंजिन थांबलं तर पुसायला फडकं कुठलं आणि मिस्त्री कुठला?

म्हणून पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा. आणि पाण्यात बंद पडलीच, तर चावीला हात न लावता आधी माणसं बाहेर काढा. गाडी नंतर ओढून नेता येते.

मिस्त्रींचं पहिलं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. "सारखी चावी मारू नका." त्यांचा डेल्को आता गाड्यांतून गेला, पण ते वाक्य आज तेव्हापेक्षा जास्त खरं झालंय. इथेच थांबतो.