नदी तीच, रेषा बदलती : पैनगंगेच्या हद्दीचा इतिहास

१/ हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगा वाहते. पलीकडे विदर्भातील वाशीम आणि यवतमाळ, अलीकडे मराठवाडा. गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत ही नदी जागची फारशी हलली नाही. नकाशावर तिच्यावरून ओढलेली रेषा मात्र वारंवार बदलली.

२/ संगणकावरील व्हेक्टर चित्रात हाच भेद असतो. आकाराचा ‘मार्ग’ म्हणजे जाडी नसलेली भूमिती. त्यावर ओढलेली बाह्यरेषा म्हणजे ‘स्ट्रोक’. मार्गाला धक्का न लावता तिची जाडी, रंग आणि तुटकपणा बदलता येतो. १९८४च्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत ही सोय होती. २००१च्या एसव्हीजी प्रमाणातही ती आली.

३/ १८५३पूर्वी पैनगंगेचे दोन्ही काठ निजामाचे होते. त्या वर्षीच्या तहाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. त्याच फौजेची एक छावणी नदीच्या दक्षिणेस, हिंगोलीत होती. नदी आता दोन राजवटींमधील रेषा झाली.

४/ १५ ऑगस्ट १९४७ रोजी उत्तर काठ स्वतंत्र भारतात आला. दक्षिण काठावरचा निजाम विलीन झाला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली. मधले १३ महिने ही रेषा सर्वांत ठळक होती.

५/ पुढे ती मध्य प्रदेश व हैदराबाद या राज्यांची सीमा ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि ती केवळ जिल्ह्यांची हद्द उरली. १९९८मध्ये अकोल्यातून वाशीम व १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नावे बदलली, मार्ग तोच.

६/ रेषेला जाडी आली की ती जमीन व्यापते. इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा सुमारे ३२ मीटर रुंद पट्टा झाकते. एसव्हीजीत स्ट्रोक मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा पसरतो. जुन्या हाताने रंगवलेल्या नकाशांत मात्र रंगाची पट्टी अनेकदा हद्दीच्या आतल्या अंगाला दिलेली दिसते. तसा परिणाम हवा असेल, तर रेषा दुप्पट जाड करून बाहेरचा भाग त्याच आकाराने छाटावा लागतो.

७/ हिंगोली आणि वाशीम हे दोन स्वतंत्र आकार म्हणून रंगवले, तर सामाईक हद्द दोनदा उमटते. नंतर काढलेला जिल्हा आधीच्या रेषेचा निम्मा भाग झाकतो. तुटक रेषा असेल, तर एकीच्या फटी दुसरीच्या तुकड्यांनी भरून ती सलग भासते. उपाय एकच : सामाईक हद्द स्वतंत्र मार्ग म्हणून एकदाच काढावी.

८/ नदीची वळणेही फसवतात. तीक्ष्ण वळणावर टोकदार सांधा दिला, तर रेषा काट्यासारखी शेजारच्या हद्दीत घुसते. म्हणून एसव्हीजीत त्या टोकाला मर्यादा असते. मूळ मूल्य ४. नदीसाठी गोल सांधा अधिक बरा.

९/ म्हणून ऐतिहासिक नकाशा वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : हद्द कुठून जाते, आणि ती इतकी ठळक कोणी व कशासाठी काढली? पहिल्याचे उत्तर पैनगंगा देते. दुसऱ्याचे उत्तर तह, फौजा आणि राज्यपुनर्रचनेच्या कागदांत शोधावे लागते.