माफीची मर्यादा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर हडपसरच्या पुढें मांजरी हें गांव लागतें. जोतीराव फुले यांनीं येथें शेती केली; आणि शेतकऱ्यावर पडणाऱ्या पट्ट्या व जकाती यांविरुद्ध त्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आज या गांवांत शेताच्या बांधाला लागून लहान लहान कारखाने उभे आहेत, आणि 2021 पासून मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें.

गेल्या वर्षीं तेथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत जाण्याचा योग आला. दोन लेथ, एक ड्रिल, आणि काम करणारीं माणसें नऊ. "काम अकरा जणांना पुरेल इतकें आहे, सर, पण दहावा माणूस घेण्याचा धीर होत नाहीं. दहावा आला कीं आजारविम्याचा कायदा आला," असें तो म्हणाला. त्याच नवांपैकीं एक जण काविळीनें दीड महिना घरीं बसला होता. मजुरी बुडाली होती, आणि औषधपाण्यासाठीं बायकोचे डाग गहाण पडले होते. मालकानें पदरचें कांहीं दिलें होतें. तो निर्दय नव्हे. मग येथें चुकतें काय? हा प्रश्न मनांत घेऊन आम्ही परतलों, आणि लहान धंदेवाल्यांवरील करांचा इतिहास पुन्हां चाळूं लागलों.

शेतसाऱ्याखेरीज कारागीर व दुकानदार यांजकडून जो कर घेत, त्यास मराठेशाहींत मोहतर्फा म्हणत. साळ्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचें दुकान यांवर तो बसे. बलुतेदारही पट्टीतून सुटत नसत. इंग्रजांनीं हे कर कांहीं काळ चालविले, आणि 1844 च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती व धंद्यांवरील सर्व कर उठविले. ही माफी फार दिवस टिकली नाहीं. 1857 च्या उठावानें तिजोरी रिकामी झाली, आणि 1860 सालीं जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर आणला. वार्षिक 200 रुपयांखालील प्राप्ति त्यांतून वगळली होती. गरिबास सोडावें, ही त्या मर्यादेमागील कल्पना. पांच वर्षांनीं तो कर गेला. पण माफीची मर्यादा ही कल्पना मागें राहिली.

पुढें 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ पडला. असा प्रसंग पुन्हां आल्यास हाताशीं पैसा असावा, म्हणून सरकारनें दरसाल दीड कोट रुपयांचा 'दुष्काळ-विमा' योजिला, आणि त्यासाठीं 1878 सालीं व्यापाऱ्यांवर लायसन्स-कर बसविला. हेतु चांगला होता. वांटणी चांगली नव्हती. किरकोळ दुकानदार करांत सांपडले, आणि सरकारी अधिकारी व वकील मोकळे राहिले. सुरतेस त्या एप्रिलमध्यें दंगा झाला. विम्याचा पैसा अफगाण युद्धाकडे वळविला, अशी ओरडही देशभर झाली. 1880 सालीं मर्यादा 500 रुपयांपर्यंत वाढवून लहान दुकानदारांस सोडविण्यांत आलें, आणि 1886 च्या कायद्यानें पगारदारांसही प्राप्तीवरील करांत ओढलें. आमच्यासारख्या पगारी वर्गानें ही आठवण विसरूं नये: आठ वर्षें आमच्या वाट्याचें ओझें वाण्यानें वाहिलें.

सुमारें शंभर वर्षांनीं महाराष्ट्रानें हाच प्रयोग अधिक शहाणपणानें केला. 1972 च्या दुष्काळांत रोजगार हमी योजनेनें मूळ धरलें. तिचे प्रवर्तक वि. स. पागे. तिच्या खर्चासाठीं 1975 सालीं व्यवसायकर आला. या वेळीं प्राध्यापक, वकील, दुकानदार सर्वच त्यांत आले. राज्यघटनेनें या करास वर्षास 250 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, ती 1988 सालीं 2,500 झाली. शहरांतल्या माणसाच्या पैशानें खेड्यांतल्या माणसास काम मिळालें, हें या कायद्याचें श्रेय होय.

आतां आजारविमा. जर्मनींत बिस्मार्कनें तो 1883 सालीं आणला, इंग्लंडांत 1911 सालीं. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांस 1943 सालीं हें काम सोंपविलें गेलें; त्यांनीं पुढल्या वर्षीं अहवाल दिला, आणि 1948 सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला. मुंबईस तो 1954 सालीं लागू झाला. आरंभीं यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व वीस माणसें असलेल्या कारखान्यांस तो लागे. पुढें ही संख्या दहावर आली. एकदां लागू झाला म्हणजे माणसें कमी झालीं तरी तो सुटत नाहीं, अशीही तरतूद झाली. आमच्या विद्यार्थ्याचें भय येथून आलें.

पण हिशेब काय सांगतो? 2019 पासून मालकाची वर्गणी शेंकडा 3.25 व कामगाराची 0.75 झाली. पंधरा हजारांच्या मजुरीवर मालकास दरमहा सुमारें 488 रुपये पडतात, कामगारास सुमारें 113. उलट पक्षीं, वर्गणीची अट पुरी केलेल्या कामगारास औषधोपचार मिळतो, आणि वर्षांत 91 दिवसांपर्यंत मजुरीचा शेंकडा 70 भाग मिळतो. त्या काविळीच्या रोग्यास दीड महिन्याचे पंधरा हजारांवर रुपये हातीं आले असते, आणि डाग पेटींत राहिले असते.

आमच्या मतें चूक येथें आहे. करांत माफीची मर्यादा ही दया असते. जो तिच्या खालीं, तो वांचला. विम्यांत तीच मर्यादा वंचना होते. जो तिच्या खालीं, तो उघड्यावर पडला. कायदा करणारांनीं कराचा मापदंड उचलून विम्यास लावला, आणि मालकांनींही विम्यास करच समजून त्याच्यापासून अंग चोरलें. लहान कारखान्यांचा हिशेब ठेवणें सरकारास महाग पडतें, हें खरें. परंतु तो खर्च सरकारानें सोसावयाचा, कीं नवव्या माणसाच्या बायकोनें?

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत दहांहून कमी माणसें असलेल्यांसही, मालक व बहुसंख्य कामगार राजी असल्यास, स्वखुषीनें विम्यांत येण्याची वाट ठेवली आहे. हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास लिहून कळविलें. त्याचें उत्तर एका ओळीचें आलें: "सर, नवांनाही विचारतों." दहाव्याची वाट न पाहतां त्यानें नवांना विचारलें, तर मोहतर्फ्यापासून चालत आलेल्या या इतिहासांत लहान धंदेवाल्यानें स्वतः उचललेलें तें एक चांगलें पाऊल ठरेल.