आधी हातचे पाणी

अळणावरहून बेळगाव फार दूर नाही. तेथे १८५४ साली बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. या पाण्याचा अर्थ केवळ शुद्धी नव्हे. संत पौलाच्या मते ते ख्रिस्ताबरोबर मरून नव्या जीवनात उठणे होय. आपल्याकडे तो अर्थ अनेकदा शब्दशः खरा ठरे. बाप्तिस्मा घेणारा घरच्यांच्या लेखी मेल्यासारखा. घरच्या पाण्याला त्याचा हात लागू नये.

हाच पेच टिळकांच्या घरात दिसतो. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र सोवळे सोडले नाही; परजातीच्या हातचे पाणी त्यांना वर्ज्यच राहिले. पुढे विचारान्ती त्यांना पटले, की जाती देवाने नव्हे, माणसाने केल्या. मग त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी तिच्या लोकांशी संबंध ठेवीत नसत. 'जिवंत पाण्या'विषयी तो बोलतो ते त्यानंतर. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला क्रमही हाच आहे: आधी माणसाच्या हातचे पाणी, मग देवाचे.