घंटा कुणाच्या वेळेची?

शाळा अकराला भरावी आणि पाचला सुटावी, ही गोष्ट आपण इतकी मुकाट्याने मानली आहे की, जणू सूर्यनारायणानेच ती ठरवून दिली असावी! वास्तविक आपल्या खापरपणजोबांच्या शाळेला घड्याळच नव्हते. पंतोजींची शाळा सकाळी भरे, जेवणवेळेला सुटे आणि उन्हे कलली की पुन्हा भरे. वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. म्हणजे सुटी चंद्राच्या हाती!

पण या जुन्या काळाचे गोडवे फार गाऊ नयेत. ही शाळा मूठभर घरांतल्या मुलांची होती. ज्याचा दिवस शेतात किंवा मजुरीत जाई, त्याला तिचा उंबरठा ठाऊक नव्हता. ही अडचण ओळखली ती जोतीराव फुल्यांनी. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकऱ्यांसाठी नि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्यांचा दिवस विकला गेला आहे, त्यांना निदान रात्र तरी द्यावी, इतका साधा हा विचार. शिकणाऱ्याने शाळेच्या वेळेला यावे की शाळेने शिकणाऱ्याच्या वेळेला जावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे उभा आहे.

मराठवाड्यात तर घंटेबरोबर राज्यही बदलले. निजामाच्या अमलात सुटीचा वार शुक्रवार, सरकारी महिने फसलीचे, आजूर नि दय अशा नावांचे, आणि वरच्या वर्गांतली भाषा उर्दू. नांदेडहून लातूरकडे जाताना वाटेत लागणारे लोहा त्याच मुलखातले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. पुढे सुटी रविवारवर गेली, भाषा मराठी झाली. पण शाळेचे वर्ष पेरणी-काढणीकडे पाहायला काही शिकले नाही.

सरकारला हे कुणी सांगितले नाही, असे मात्र नाही. १९५२ साली माध्यमिक शिक्षणासाठी डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३ च्या अहवालात त्याने दोन गोष्टी सांगितल्या. वर्षात निदान २०० दिवस शाळा चालावी आणि आठवड्याला सुमारे ४५ मिनिटांचे ३५ तास व्हावेत, ही पहिली. स्थानिक हवामान आणि लोकांचे व्यवसाय पाहून आपल्या वेळा ठरवण्याची शाळांना भरपूर मोकळीक द्यावी, ही दुसरी. पहिली शिफारस आकड्यांत होती, ती वेळापत्रकाच्या चौकटीत सहज बसली. दुसरीला गावाकडे पाहणारे डोळे हवे होते!

अमेरिकेत याच सुमारास निराळाच प्रयोग निघाला. १९५९ मध्ये जे. लॉइड ट्रम्प या शिक्षणतज्ज्ञांनी ठराविक तासांची चौकट मोडण्याची कल्पना मांडली. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट बुश नि ड्वाइट ॲलन यांनी १९६४ मध्ये लवचिक वेळापत्रकावर ग्रंथच लिहिला. दिवसाचे लहान लहान तुकडे पाडायचे. व्याख्यानाला मोठा वर्ग, चर्चेला छोटा, उरलेला वेळ स्वाध्यायाला. वेळापत्रकाचे हे कोडे सोडवायला संगणक बसवले. पण मोकळ्या वेळेचे करायचे काय, हे पुष्कळ मुलांना उमगेना. १९७० नंतर बऱ्याच शाळा जुन्या घंटेकडे परतल्या. वेळ नुसती सैल करून भागत नाही, ती कुणासाठी सैल करायची हे आधी ठरावे लागते.

लोह्याकडे ते ठरवणे अवघड नाही. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोडे-उंटांचा बाजार फुलतो. तेव्हा पोरांचे पाय वर्गाकडे वळत नाहीत. ही झाली चार दिवसांची मौज. खरी गाठ आहे ती उसाशी. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून कारखान्यांकडे निघतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा या कामात उपयोगी पडतो आणि मुलगी खोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, आणि ऊसही तेव्हा उभाच असतो!

साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. त्यांनी पुष्कळ धाकट्या मुलांना हात दिला. मोठ्यांसाठी उरतो तो ‘सतरा नंबरचा फॉर्म’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याची वाट. पण तो परीक्षेचे दार उघडतो, शिकवत नाही. पाडव्यानंतर परतलेल्यांसाठी चार महिने वेगळा वर्ग चालवला, बुडालेला अभ्यास पुरा करून घेतला आणि परीक्षा पावसाळ्यात घेतली, तर आकाश कोसळणार नाही. मंडळाची पुरवणी परीक्षा होतेच की!

दिवाळीची सुटी संपून घंटा होते, तेव्हा हजेरीपटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते. शिक्षक नाव पुकारतात, क्षणभर थांबतात आणि पुढचे नाव घेतात. त्या क्षणभराच्या थांबण्यात फुल्यांची रात्रशाळा आणि मुदलियारांची दुसरी शिफारस अजून उत्तराची वाट पाहत आहेत.