निळ्या प्रकाशाची अडलेली वाट
इ.स. १८३९. उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाला बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझ यांनी रशियन सरदार लेव पेरोव्स्की यांचे नाव दिले: पेरोव्स्काइट. पुढे तशीच अणुरचना असलेल्या सर्व स्फटिकांना ते चिकटले.

२०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शिसे व हॅलोजनयुक्त पेरोव्स्काइटपासून सामान्य तापमानाला उजळणारे एलईडी घडवले. अवरक्त, तांबडे, हिरवे. निळा मात्र नव्हता. २०१८ मध्ये हिरव्याची कार्यक्षमता २० टक्क्यांपलीकडे गेली, तरी निळा मागेच. आणि निळ्यावाचून पडद्यावर पांढरा रंग उमटत नाही!

अडचण क्लोरीनची. ब्रोमीनयुक्त स्फटिक हिरवा प्रकाश देतो. क्लोरीन मिसळले की तो निळ्याकडे सरकतो. पण स्फटिकात क्लोरीनच्या जागा सहज रिकाम्या राहतात आणि तेथे ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत विरते. शिवाय विद्युतदाब देताच ब्रोमीन व क्लोरीन वेगळे होऊ लागतात आणि निळा दिवा जळता जळता हिरवट पडतो. फजितीच म्हणायची.

उपाय सापडला पूरक रसायनांत. फॉस्फीन ऑक्साइडमधील ऑक्सिजन उघड्या पडलेल्या शिशाला धरतो. दोष झाकला जातो. फिनाइलइथाइलअमोनियम ब्रोमाइडची युक्ती अधिक सुंदर. त्याचा मोठा सेंद्रिय आयन स्फटिकाच्या पिंजऱ्यात मावत नाही, म्हणून स्फटिकाचे पातळ थर पडतात. थर जितका पातळ, तितका प्रकाश निळा. मग क्लोरीन कमी लागते, कधी लागतही नाही.

कार्यक्षमता अशी वाढत गेली. आयुष्य मात्र तोकडेच राहिले: गॅलियम नायट्राइडचा निळा एलईडी हजारो तास जळतो, पेरोव्स्काइटचा निळा अनेकदा काही मिनिटांतच मंदावतो.