दिनविशेष : १३ ऑगस्ट २०१३ – काचेआडचा बोवी पडद्यावर
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेले रॉक गायक डेव्हिड बोवीवरचे प्रदर्शन तीन लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. ते ११ ऑगस्टला संपले आणि दोनच दिवसांनी त्यावरचा माहितीपट ब्रिटनभरच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. वस्तू प्रत्यक्ष समोर असण्याचा थरार पडद्यावर येत नाही, हा आक्षेप खरा. पण काचेआडचा पोशाख मुका असतो. माहितीपटात त्यातले काही पोशाख घडवणारे कान्साई यामामोटो स्वतः बोलतात. पालघर जिल्ह्यातल्या पोशेरा परिसरात वाजणाऱ्या तारपा या आदिवासी फुंकवाद्याचेही तेच. वाळका भोपळा, बांबू, ताडाची पाने कपाटात मांडता येतील. वादकाचा न तुटणारा श्वास आणि त्याच्याभोवती फिरणारा नाच मात्र चित्रितच करावा लागतो. जव्हार-मोखाड्यातले जाणते वादक हयात आहेत तोवरच हे काम हाती घ्यावे.