मिझोराम पीपल्स फोरम

मिझोराम पीपल्स फोरम : (एमपीएफ). मिझोराममधील निवडणुका शांततेत आणि कमी खर्चात व्हाव्यात म्हणून प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिझोराम सिनडच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेले व्यासपीठ. मुख्य कचेरी ऐझॉल येथे असून गावोगावी आणि शहरांतील वस्त्यांमध्ये शाखा आहेत. निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास राजकीय पक्षांकडून लेखी करार करून घेणे आणि तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणे, हे फोरमचे मुख्य काम. कायद्याने त्याला कसलाही अधिकार दिलेला नाही. कोणाला दंड करण्याची किंवा कोणाची उमेदवारी रद्द करण्याची ताकद त्याच्याजवळ नाही. तरीही मिझोराममध्ये निवडणूक लढवणारा पक्ष सहसा फोरमला डावलून प्रचाराला लागत नाही.

मिझोरामची पार्श्वभूमी पाहिली तर यामागचे मोल कळते. १ मार्च १९६६ रोजी मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. पुढची वीस वर्षे बंडखोरी, संचारबंदी आणि लष्करी देखरेखीखाली वसवलेल्या वस्त्या यांत गेली. ३० जून १९८६ रोजी मिझो करार झाला, फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याच महिन्यातील निवडणुकीत कालच्या बंडखोरांच्या पक्षाने ४० पैकी २४ जागा जिंकल्या. बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, तर एके काळी त्यांचे सचिव असलेले झोरामथंगा पुढे दोनदा या पदावर आले. शस्त्र खाली ठेवून मतपेटीकडे वळलेल्या समाजाने ती वाट मोडू नये ही काळजी चर्चला वाटत होती, शांतता घडवण्याच्या बोलण्यांतही चर्चच्या पुढाऱ्यांचा वाटा होता. राज्य झाल्यानंतरच्या दोन दशकांत बंदुका गेल्या, पण निवडणुकीत पैसा, जेवणावळी आणि आश्वासनांची खैरात शिरली. फोरम निघाला तो यावर लगाम घालण्यासाठी.

पक्षांशी झालेल्या करारातील कलमे घरगुती वाटावीत इतकी साधी आहेत. कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून मते मागायची नाहीत, फलक आणि झेंडे ठरलेल्या मर्यादेतच लावायचे, मतदारांना जेवणावळी घालायच्या नाहीत. दारोदार प्रचाराला मज्जाव का, हे बाहेरच्या वाचकाला चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे पदयात्रा आणि घरोघर भेट हा प्रचाराचा सर्वांत सभ्य प्रकार मानला जातो. पण मिझोराममध्ये विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी वीस हजारांच्या आसपासच मतदार असतात. बंद दाराआड पैसा हातात ठेवणे, नात्याची गळ घालणे, ‘तुमचे मत कुणाला’ हे वदवून घेणे तिथे फार सोपे आहे. दारावरची ही गाठ टळली की मतदार मोकळा राहतो.

दारोदार भेटीच्या जागी फोरमने आणली संयुक्त सभा, आणि हीच त्याची सर्वांत अस्सल देणगी म्हणावी लागेल. फोरमची स्थानिक शाखा सभा बोलावते आणि अध्यक्षस्थानही तिचेच असते. मतदारसंघातील सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मंचावर शेजारी शेजारी बसतात, पाळीपाळीने उठून ठरलेल्या वेळात बोलतात, आणि समोर बसलेले लोक तेच असतात. प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर बसलेला असताना त्याच्याविषयी वाटेल ते बोलणे अवघड जाते. निवडणुकीतली हाणामारी बहुतेक वेळा दोन गटांच्या मिरवणुका आमनेसामने आल्यावर पेटते, पण श्रोते सर्वांचे एकच असले की तसा प्रसंगच येत नाही.

निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता, निवडणूक खर्चाची कायदेशीर मर्यादा, केंद्रीय दलांची तैनाती हे सारे मिझोराममध्येही असतेच. आयोगाचे निरीक्षक मात्र निकालानंतर परत जातात, शाखेतली माणसे गावातच राहतात. करार मोडणाऱ्याला रविवारी त्याच चर्चमध्ये त्याच शेजाऱ्यांसमोर बसावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. त्यामुळे चर्चचा शब्द किती वजनदार आहे याचे ताजे उदाहरण २०२३ मध्ये दिसले. विधानसभेची मतमोजणी आयोगाने ३ डिसेंबरला ठेवली होती. तो रविवार, प्रार्थनेचा दिवस. पक्षांनी, चर्चने आणि संघटनांनी एकमुखाने विनंती केल्यावर मिझोरामपुरती मोजणी ४ डिसेंबरला ढकलण्यात आली. त्या निवडणुकीत झोराम पीपल्स मूव्हमेंटने २७ जागा घेतल्या, सत्ताधारी मिझो नॅशनल फ्रंट १० जागांवर आला आणि सत्तांतर शांतपणे झाले.

धर्मसंस्थेने निवडणुकीत लक्ष घालावे का, हा प्रश्न रास्त आहे. धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरते. फोरम मत मागत नाही, मागण्याच्या पद्धतीला बांध घालतो, आणि हा फरक मोठा आहे. ईशान्येतल्याच नागालँडमध्ये बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलनेही २०१२ मध्ये स्वच्छ निवडणुकीची मोहीम काढली, पण गाव किंवा कूळ मिळून मत ठरवण्याची रीत तिथे इतकी मुरलेली आहे की मिझोरामइतका प्रभाव दिसला नाही.

फोरमची खरी उणीव वेगळीच आहे. समाजाच्या भिडेवर उभी राहिलेली शांतता त्या समाजात गणल्या जाणाऱ्यांनाच पुरते. राज्याच्या पश्चिम भागातील ब्रू (रियांग) लोकांना ही सावली मिळाली नाही. स्वायत्त जिल्हा परिषदेच्या त्यांच्या मागणीवरून तेढ वाढली, आणि ब्रूंची नावे मतदार यादीतून काढावीत अशी मागणी काही मिझो संघटनांनी केली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका मिझो वनरक्षकाची हत्या झाल्यावर हिंसाचार उसळून हजारो ब्रू कुटुंबे त्रिपुरात पळाली आणि वीस वर्षांहून अधिक काळ छावण्यांत राहिली. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीआधी त्यांच्या मतदानावरूनच ऐझॉलमध्ये मुख्य निवडणूक अधिकाऱ्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि आयोगाला तो अधिकारी बदलावा लागला. अखेर छावण्यांतील मतदारांसाठी त्रिपुराच्या सीमेलगत, मिझोरामच्या हद्दीत कान्हमुन येथे खास केंद्रे उघडण्यात आली. आपल्याच राज्याच्या सरकारसाठी मत द्यायला लोक गाड्या करून सीमा ओलांडून आले आणि मत देऊन पुन्हा छावणीत परतले.

मतदानाच्या दिवशी रक्त सांडले नाही म्हणून त्या निवडणुकीला शांततेची म्हणता येते, न्यायाची म्हणता येत नाही. संयुक्त सभेच्या मंचावर ब्रू आणि चकमा या अल्पसंख्य समाजांतील उमेदवारालाही तेवढ्याच सन्मानाने जागा मिळाली पाहिजे, आणि श्रोत्यांतही. हे साधणे फोरमला अशक्य नाही, कारण त्याच्याजवळ शब्दाचे वजन आहे आणि गावोगावी माणसे आहेत.

छावण्यांतील ब्रूंचा मार्ग मात्र वेगळा ठरला : १६ जानेवारी २०२० रोजी केंद्र, त्रिपुरा, मिझोराम आणि ब्रू प्रतिनिधी यांच्यात करार होऊन सुमारे ३४ हजार ब्रू विस्थापितांना त्रिपुरातच कायम वसवण्याचे आणि त्यांची नावे त्रिपुराच्या मतदार यादीत घालण्याचे ठरले.